चेहऱ्याची ड्यूटी

दार नव्हतं. मामांनी उजवा हात वर केला होता, मधलं बोट वाकवून ठोकायच्या बेतात आणलं होतं, आणि समोर ठोकायला काही नव्हतं. चौकट तेवढी उरली होती, बिजागऱ्यांच्या जागी ताजी पुट्टी भरलेली, आणि चौकटीच्या आत, जिथं इतकी वर्षं एक इमानी काळोख राहत होता, तिथं ऊन पडलं होतं. समोरची भिंत फोडून काच बसवली होती. मामा ताप येऊन आठवडाभर घरी होते. घरी जाण्याआधी भिंतीवर 'एक्स-रे विभागाचे रूपांतर' असा कागद लागलेला त्यांनी पाहिला होता. पण रूपांतर म्हणजे रंगकाम, अशी त्यांची आपली समजूत. हात वर तसाच राहिला होता. मग हाताला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी चौकटीच्या लाकडावर टक टक केलं आणि सवयीनं वाट बघत उभे राहिले. आतून 'ये' आल्याशिवाय डार्करूममध्ये पाऊल टाकायचं नसतं. आत फिल्मचा डबा उघडा असला आणि दारातून उजेडाची एक चीर जरी घुसली, तरी डब्यातल्या सगळ्या फिल्मा काळ्याठिक्कर. मग कुणाची बरगडी आणि कुणाची दाढ, सगळी एकाच रात्रीची लेकरं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो सगळे पाळत. मामा थांबले म्हणून त्यांच्यामागे हात गळ्यात बांधलेली एक बाई थांबली. ती थांबली म्हणून एक लंगडणारे गृहस्थ थांबले. "रांग हीच का?" मागून कुणीतरी विचारलं. "हीच असणार, हालत नाहीये," लंगडणारे गृहस्थ अनुभवानं म्हणाले. रांग जिन्यापर्यंत पोचली तेव्हा बदलबाई आल्या. त्यांचं खरं पद परिवर्तन अधिकारी असं होतं, पण ते पाटीवरच शोभायचं. सगळे कर्मचारी त्यांना पाठीमागे बदलबाई आणि समोर मॅडम म्हणत. वयानं मामांच्या धाकट्या भाचीएवढ्या. हसू असं की सकाळी चढवलं की कामाची वेळ संपेपर्यंत इस्त्री मोडत नसे.

"मामा, दारात का उभे?"

"आतून कुणी 'ये' म्हटलं नाही."

"आत कुणीच नाहीये."

"तेच तर," मामा म्हणाले.

आत गेल्यावर कळलं की ज्या जागी फिल्मा धुण्याची टाकी होती, बरोबर तिथं एक गोल फिरती खुर्ची ठेवली आहे आणि ती त्यांचीच आहे. डेव्हलपरची टाकी गेली, फिक्सरची गेली, ओल्या फिल्मा वाळवायचं कपाट गेलं. आंबूस, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास मात्र भिंतीतून अजून येत होता, नोटीस न मिळालेल्या भाडेकरूसारखा. नवीन यंत्रात फोटो काढला की तो सरळ डॉक्टरांच्या पडद्यावर उमटत होता. मध्ये अंधार लागत नव्हता, पाणी लागत नव्हतं, मामा लागत नव्हते. हे बदलबाईंनी इतक्या प्रेमानं सांगितलं की मामांनीच त्यांचं अभिनंदन केलं. "तुम्हाला आम्ही जाऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. "हा आता मदत कक्ष. येणाऱ्या पेशंटला कुठं जायचं ते सांगायचं आणि हसायचं. महिनाअखेरपर्यंत बघू. जमलं तर तुम्ही इथंच. नाहीच जमलं तर भांडारात एक जागा आहे." भांडार म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेली गोदामं. चाकं गेलेल्या गाड्या, पाय गेलेल्या खाटा, पाठ गेलेल्या खुर्च्या, असं जे जे काही बरं होणार नाही ते हॉस्पिटल तिकडं पाठवत असे. "कुठं जायचं ते सांगणं जमेल," मामा म्हणाले. "छान! आणि हसणं?" मामांनी हसून दाखवलं. बदलबाई जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दाढ दुखतेय का?"

दाढ दुखत नव्हती. दुखणं निराळं होतं, आणि ते मामांना त्या काचेत स्वतःला बघताना प्रथमच कळत होतं. बाकीच्या माणसांचा चेहरा लहानपणापासून कामाला लागलेला असतो. मास्तरांसमोर घाबरायचं, पाहुण्यांसमोर खूश व्हायचं, साहेबांनी विनोद केला की तो कळण्याआधी हसायचं, असं करत करत तो तयार होतो. मामांचा चेहरा ऐन शिकायच्या वयात डार्करूममध्ये शिरला आणि तिथं त्याला कायमची सुटी मिळाली. हात काम करत, कान काम करत, चेहरा नुसता रिकामटेकडा. दाराबाहेरून मोठे डॉक्टर ओरडत, "किती वेळ रे?" आणि आतून मामा अत्यंत नम्र आवाजात "झालंच, सर" म्हणत. पण त्याच वेळी अंधारात त्यांचा चेहरा काय करी हे सांगण्यासारखं नाही. जीभ बाहेर येई, गाल फुगत, एक भुवई दुसरीला मागे टाकून वर चढे. राग नसे त्यात. नम्र आवाजाला उलट्या बाजूनं पासंग लागतो, तेवढंच. अशी वर्षं गेली. आवाज इतका सभ्य झाला की लोक फोनवर मामांना डॉक्टर समजत, आणि चेहरा पार उनाड झाला. आता महिनाभरात त्याला नोकरीवर रुजू करून घ्यायचं होतं.

घरी मामींना हे सांगितलं तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. "हसायचे पैसे देणार?" त्यांनी विचारलं, आणि मग सुरी खाली ठेवून नीट विचार केला. मामींना नवऱ्याच्या चेहऱ्याचं गुपित लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं होतं. एका संध्याकाळी वीज गेली होती. मामी अंधारात आपल्या माहेरच्या माणसांविषयी काही सविस्तर सांगत होत्या आणि मामा समोर बसून "हो ना", "अगदी खरं" असं म्हणत होते. मामींनी काडी ओढली. त्या काडीच्या उजेडात जो चेहरा दिसला तो त्या कधीही विसरल्या नाहीत. पुढच्या प्रत्येक भांडणात तो पुरावा म्हणून सादर होई. "मला वाटतं, भांडारच बरं," मामा म्हणाले. "ऐकलंय, तिथं खिडक्या नाहीत." आणि हे म्हणताना त्यांना खरंच बरं वाटलं. डोळ्यांपुढं तो काळोख आला, थंड, ओळखीचा, आणि त्यात बसलेला आपला रिकामा चेहरा. मामींनी सुरी पुन्हा उचलली. "तुम्हाला आवडेल तिथं, म्हणूनच नको. इतकी वर्षं संध्याकाळी घरी येऊन घुबडासारखे डोळे मिचकावत बसता. शेजारीण विचारते, तुमच्या मिस्टरांना माझा राग आहे का. तिला काय सांगू, की नाही हो, त्यांचा चेहरा मोकळा सुटलाय? मोडक्या खाटांत जाऊन बसलात तर महिन्याभरानं मला तुम्हाला झटकून घरी आणावं लागेल. चला, आरशासमोर." मग रोज चहा झाला की आरशासमोर तालीम. "दात थोडे आत." "असे?" "आता उसनं मागायला आल्यासारखे दिसताय." "असे?" "अहो, हा तर काडीच्या उजेडातला!" शेवटी मामींनाच इतकं हसू आलं की त्यांना खाली बसावं लागलं. मामांना वाटलं, हे बरं आहे, एका घरात एकाला येतं तेवढं पुरे. पण बदलबाईंना मामींचं हसणं चालणार नव्हतं.

काचेच्या खोलीत बसणं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत बसणं. उजेड समोरून येई, वरून येई, चकचकीत फरशीवरून परतून खालूनही येई. हनुवटीखालची जागासुद्धा खाजगी राहिली नाही. मामा पेशंटला वाट चोख सांगत. "सरळ जा, पाण्याच्या नळाशी डावीकडे." पण सांगताना चेहऱ्याकडे लक्ष ठेवावं लागे आणि लक्ष गेलं की चेहरा बिथरे. एक आजीबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "बाबा, तुझंच आधी कुणाला तरी दाखव, मी थांबते." काचेपाशी एक यंत्र बसवलं होतं, त्यावर तीन बटणं आणि तीन चेहरे: हिरवा हसरा, पिवळा सपाट, लाल रडका. सेवा कशी वाटली ते पेशंटनं जाताना दाबून सांगायचं. मामांना त्या तीन चेहऱ्यांचा हेवा वाटे. एकेकाला एकेक काम, आणि ते जन्मभर पक्कं. "मामा, तुमच्याकडे लाल फार येतंय," बदलबाई एकदा काळजीनं म्हणाल्या. मामांनी शेजारून जाणाऱ्या गृहस्थांनाच विचारलं, "काका, तुम्ही लाल का दाबलंत?" काका कंबर धरून म्हणाले, "कळ मारतेय हो. मग काय हिरवं दाबू? खोटं कशाला सांगा?" त्यांच्यामागच्या बाईंनीही लाल दाबलं, त्यांचं मनगट दुखत होतं. एकानं हिरवं दाबलं, पण तो औषधं विकणारा होता. "मॅडम, हे हॉस्पिटल आहे," मामा म्हणाले. बदलबाईंचं हसू जागचं हललं नाही, पण डोळे जरा दमल्यासारखे झाले. "मला हे वर दाखवावं लागतं, मामा. महिना संपत आला. सकारात्मक राहू या हं." सकारात्मक राहू या, असं म्हणून त्या पुढच्या विभागात सकारात्मक राहायला गेल्या. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना मामांच्या मनात आलं, यांनी चेहरा कुठं ठेवला असेल? खरा. घरी, की कुठंच नाही?

अशा वेळी ढोल्याची आठवण येई. ढोल्या म्हणजे डार्करूममधला त्यांचा जोडीदार, केव्हाच निवृत्त होऊन दूर मुलीकडे राहायला गेलेला. अंगानं असा की तो आत असला की अंधार जास्त भरलेला वाटे. ओल्या फिल्मा टांगलेल्या चौकटी हातात धरून दोघं त्या चिंचोळ्या जागेत टाकीपासून कपाटापर्यंत सारखे येत जात, आणि एकमेकांवर आपटू नये म्हणून गुणगुणत. गाणं असं नव्हतं. ढोल्या वरच्या पट्टीत काहीतरी मधमाशीसारखं लावून धरी, मामा खालून भुंग्यासारखं. दोन आवाज जवळ आले की एकानं थांबायचं. कुणी थांबायचं हे कधी ठरलं नव्हतं आणि कधी चुकलंही नव्हतं. एकदाच धडकले, ढोल्याचा घसा बसला होता त्या दिवशी. तेव्हा कुणाची तरी मांडी आणि कुणाची तरी कवटी टाकीत एकत्र पडली, आणि मामा हसून हसून खाली बसले होते. त्या हसण्याच्या वेळी आपला चेहरा कसा दिसत होता? ते सांगणारं जगात कुणी नव्हतं. ढोल्यालाही दिसलं नव्हतं. चहाला बाहेर आले की दोघंही उजेडानं डोळे बारीक करून आपापल्या कपात बघत. खरी ओळख आतली. माणूस म्हणजे आवाज, आणि बाजूनं गेला की येणारी ऊब. मग मामांना शंका येई की आपण आयुष्यभर आनंदात होतो आणि त्याचा एकही साक्षीदार नाही. ही शंका अगदी वाईटही नव्हती. गुपचूप खाल्लेल्या खाऊसारखी ती जिभेवर राही.

आता इथं दिवे जातील, असं कुणालाही वाटेल. दिवे जातील, सगळे गोंधळतील, आणि अंधारात तरबेज असलेले मामा शांतपणे सगळ्यांना वाट दाखवतील. मामांनाही तसंच वाटे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तर ते सकाळपासून छताकडे आशेनं बघत होते. दिवे गेले नाहीत. बदलबाईंनी नवीन जनरेटर बसवून घेतला होता आणि तो, रूपांतरातली एवढी एकच गोष्ट, ठरल्याप्रमाणे चालत होता. उलट दुपारी एक दिवा वाढला, बदलबाईंच्या हसण्याचा. बदलबाई स्वतः मदत कक्षाच्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या, निर्णय घ्यायला. समोर रांग. मामांनी दात मामींनी सांगितले तेवढे आत घेतले, ओठ दोन्ही बाजूंना समान ओढले आणि तो चेहरा तसाच धरून ठेवला, काठोकाठ भरलेलं ताट धरावं तसा. रांगेतून एक किडकिडीत म्हातारा पुढं आला. तोंडाला मास्क, डोळ्यांवर जाड भिंगं, हातात काठी. तो खिडकीशी आलाच नाही. एक पाऊल अलीकडे थांबला, काठी काखेत धरली आणि हात लांब करून काचेवर मधल्या बोटाचं पेर वाजवलं. टक टक. आणि तसाच उभा राहिला, आतून काही यायची वाट बघत.

"थांब, डबा उघडाय!" मामा ओरडले.

ओरडले ते मामा नव्हतेच. त्यांच्या आतला तो दुसरा, अंधारातला, त्याचा तो आवाज. सगळी रांग थांबली. ढकलखुर्ची घेऊन येणाऱ्या वॉर्डबॉयनं खुर्ची जागीच रोखली आणि खुर्चीतल्या बाईंनी आपला प्लॅस्टरचा पायही जरा वर उचलून धरला, उगीच आपलं काही बिघडायला नको. बदलबाईंचं एक पाऊल पुढं पडायचं होतं ते हवेतच राहिलं. कुठला डबा, तो कुठं उघडा, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण आवाजच असा होता की थांबावं. आणि त्या शांततेत, मास्कच्या आडून, वरच्या पट्टीतली एक मधमाशी सुरू झाली. बेसूर, हेकट, जराही न बदललेली.

"ढोल्या?"

"आता 'ये' म्हण की लेका! गुडघा घेऊन किती वेळ उभा करतोस?"

"ये," मामा म्हणाले, आणि मग "ये, ये, ये" असं लहान मुलाला म्हणावं तसं म्हणत राहिले. ढोल्या खिडकीशी आला. "तू ढोल्या? तुझं बाकीचं कुठं गेलं?" "जावयाच्या घरी खर्ची पडलं. रोज फिरायला लावतो, उकडलेलं खायला लावतो. आता मुलीची बदली इकडं झाली, म्हणून ते दोघंही आले आणि माझा गुडघाही आला." ढोल्यानं भिंगं काचेला टेकवून मामांना निरखलं. बराच वेळ निरखलं. "हे तुझं तोंड?" तो म्हणाला. "म्हणजे इतकी वर्षं माझ्यासोबत आत हे होतं? मला वाटायचं, आवाज असा, तर माणूस जरा देखणा असेल."

मग काय झालं ते मामांना नीट सांगता आलं नसतं. हातातलं भरलेलं ताट पडलं. चेहरा सुटला. गाल फुगले, एक भुवई वर गेली, नाक गोळा झालं, डोळ्यांतून पाणी, आणि पोटातून ते हसू आलं, मांडी आणि कवटी टाकीत पडली होती त्या दिवशीचं. भर उजेडात. काचेत ते दिसत होतं आणि मामा ते बघत होते: अच्छा, हा असा दिसतो होय? वाईट नाही. जरा भडक आहे. ढोल्याही हसायला लागला, मग प्लॅस्टरवाल्या बाई, मग रांग. कंबर धरलेले एक गृहस्थ "हसवू नका हो, दुखतं" म्हणत हसत होते. "यातलं काय दाबायचं?" ढोल्यानं यंत्राकडे वळून विचारलं. "तुला मी कसा वाटलो ते." ढोल्यानं तिन्ही बटणं भिंगांखाली घेतली आणि अंगठ्यानं ठासून लाल दाबलं. "ढोल्या, अरे हिरवं!" "आपण आत कामाला लागलो की दारावर कुठला दिवा लागायचा? लाल," ढोल्या म्हणाला आणि आणखी एकदा दाबलं.

मामांनी बदलबाईंकडे पाहिलं. लाल तर लाल. त्यांच्या मनात भांडाराच्या बसचा विचार येऊन गेला, आणि तो अंधार आता तितकासा हवाहवासा वाटेना; तिथं ढोल्या कशाला येईल? बदलबाई रांगेकडे बघत होत्या. हसू चढवलेलं होतंच, पण त्याच्या कडेला काहीतरी हलत होतं, आतून कुणी ढुशा देत असल्यासारखं. "मामा," त्या म्हणाल्या, "हे असं रोज जमेल?"

"हा रोज आला तर," मामा म्हणाले.

"गुडघे दोन आहेत," ढोल्या म्हणाला. "आज एकच दाखवतो."

मामा राहिले. मामींनी ती बातमी शेजारणीला स्वतः जाऊन सांगितली आणि आपल्या मिस्टरांना कुणाचाही राग नाही हेही जोडून सांगितलं. हॉस्पिटलनं मात्र ही घटना तशीच सोडून दिली असती तर ते हॉस्पिटल कसलं? वर अहवाल गेला. वर त्याचा अभ्यास झाला. अभ्यासात असं निघालं की त्या दिवशी पेशंट खूश झाले ते गुणगुणण्यामुळे. सबब यापुढे समोर बसणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत माफक गुणगुणावं, आणि ते कसं करावं याचं प्रशिक्षण घ्यावं. मामांनाही जावं लागलं. त्यांनी "मला येतं" असं म्हणून पाहिलं, बदलबाई म्हणाल्या, "येतं त्यांनाच आधी शिकवायचं असं ठरलंय." बाहेर भर दुपार होती. प्रशिक्षणाच्या मोठ्या खोलीत पडदे ओढले, भिंतीवर चित्रं दाखवायची म्हणून दिवे घालवले, आणि कोट घातलेला एक तज्ज्ञ घशाच्या आकृतीवर लाल ठिपका फिरवत सांगू लागला की गुणगुणण्याचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात ओठ मिटायचे. सगळ्यांनी ओठ मिटले.

मामा शेवटच्या रांगेत होते. अंधार झाला तसा त्यांचा चेहरा आपणहून मोकळा झाला, जीभ जरा बाहेर आली, भुवई चढली. आवाजानं मात्र ते नम्रपणे "हं, हं" म्हणत राहिले. डोळे सरावायला त्यांना वेळ लागत नसे. खुर्च्यांच्या पाठी दिसू लागल्या, मग डोकी, मग दोन खुर्च्या सोडून बसलेल्या बदलबाई. त्या पडद्याकडे बघत होत्या. हसू नव्हतं. खाली उतरवून मांडीवर ठेवलं असावं. "दुसरा टप्पा," तज्ज्ञ म्हणाला, "आतून आनंदी होणे." "वा, सर," बदलबाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, आणि त्याच क्षणी अंधारात त्यांनी दोन्ही गाल फुगवले, डोळे नाकाशी नेले आणि तज्ज्ञाच्या दिशेनं पूर्ण, लांब, टोकदार जीभ बाहेर काढली.

मामांनी मान वळवली. अंधारातलं अंधारात राहू द्यायचं असतं. पण आपण इथं आहोत, जवळच आहोत, हे बदलबाईंना कळायला हवं, नाहीतर उगीच धक्का लागायचा. मामांनी ओठ मिटले आणि खालच्या पट्टीत, अगदी हळू, गुणगुणायला सुरुवात केली. मग दोन खुर्च्यांपलीकडून, बिचकत, अजिबात न शिकवलेल्या सुरात, वरच्या पट्टीतलं उत्तर आलं.